प्रशिक्षण फुकट, पण मोडलेल्या दिवसांचे काय?

‘मोफत उद्योजकता प्रशिक्षण, जेवणाखाण्याची व राहण्याची सोय, प्रमाणपत्र मिळेल’ असा निरोप बचत गटाच्या व्हॉट्सॲपवर आला, की काही जण लगेच आधार कार्डाची झेरॉक्स काढायला धावतात आणि काही जण ‘फुकट कोण काय देतंय’ म्हणून निरोप पुसून टाकतात. दोघांचाही हिशेब अर्धवट राहतो. शिकवण्याची फी खरोखरच शून्य असते, कारण तो खर्च सरकार किंवा बँक उचलते. हातावर पोट असणाऱ्याचा पैसा जातो तो दुसरीकडे: मोडलेल्या दिवसांत, जाण्यायेण्यात आणि कागद गोळा करण्यात. छोट्या शेतकऱ्याने आणि बाजारात बसणाऱ्या विक्रेत्याने महाराष्ट्रात कुठे जावे, खिशातून किती जाईल, कुठे एक रुपयाही देऊ नये आणि कुठे पैसे मोजलेले परवडतात, ते इथे पाहू.

आधी दिवसाचा भाव काढा

समजा, मंडईत पालेभाजी विकणाऱ्या बाईला माल, हमाली, टेम्पो आणि जागेची पावती वजा जाता दिवसाला ५०० रुपये सुटतात. दहा दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला ती गेली, तर ५,००० रुपये तिथेच गेले. शिवाय बांधलेले गिऱ्हाईक असते. रोज दहा जुड्या मेथी नेणारा खानावळवाला दोन दिवस जागा रिकामी दिसली, की शेजारच्या पाटीकडे वळतो आणि तिसऱ्या दिवशी परत येईलच असे नाही. शेतकऱ्याचे दुखणे निराळे. दावणीला दोन म्हशी असतील तर धार कोण काढणार, डेअरीला दूध कोण घालणार? घरात माणूस नसेल, तर गडी लावावा लागतो आणि त्याची मजुरी म्हणजेच तुमच्या प्रशिक्षणाची फी.

हा आकडा कागदावर लिहा आणि मगच नाव द्या. पाच हजार खर्चून वर्षाला वीस-पंचवीस हजार वाचणार असतील, तर सौदा स्वस्त आहे. घरी नुसते प्रमाणपत्र येणार असेल, तर महाग आहे.

वेळेचेही तसेच. कोरडवाहू शेतकऱ्याला एप्रिल-मे बरा. ज्याची द्राक्षे किंवा कांदा त्याच वेळी निघतो, त्याने ते दिवस टाळावेत. बहुतेक सरकारी प्रशिक्षण संस्था वर्षाचा कार्यक्रम एप्रिलच्या सुमारास ठरवतात. तेव्हाच जाऊन वर्षभरातल्या वर्गांची यादी मागावी आणि आपल्याला सोयीच्या महिन्यातला वर्ग धरावा. निरोप आला म्हणून ऐन पेरणीत निघू नये.

आरसेटी: जिल्ह्याच्या ठिकाणचे निवासी वर्ग

ग्रामीण भागात राहणाऱ्याने पहिली चौकशी करावी ती ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची. सगळे तिला आरसेटी म्हणतात. कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे इथे १९८२ साली वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने आणि सिंडिकेट व कॅनरा या दोन बँकांच्या साथीने सुरू झालेल्या संस्थेचा हा नमुना. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने तो उचलला आणि जिल्ह्याजिल्ह्यात पोचवला. संस्था चालवते ती बहुधा त्या जिल्ह्याची अग्रणी बँक. त्यामुळे पाटीवर कुठे महाबँक, कुठे स्टार, कुठे एसबीआय असे नाव दिसते. आपल्या जिल्ह्यात कोणाची आहे ते कुठल्याही राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत किंवा पंचायत समितीतल्या ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या कक्षात विचारले की कळते.

इथे शिकवणे, राहणे, नाश्ता, दोन वेळचे जेवण, वही-पेन सगळे मोफत. शेळीपालन, दुग्धव्यवसाय व गांडूळ खत, कुक्कुटपालन, अळिंबी, पापड-लोणची-मसाले असे वर्ग साधारण दहा ते तेरा दिवसांचे असतात. नुसत्या धंद्याच्या व्यवस्थापनाचा वर्ग सहा दिवसांचा. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती असले वर्ग महिनाभर किंवा त्याहून जास्त चालतात. एका तुकडीत पंचवीस-तीस जण असतात. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना आणि बचत गटातल्या बायकांना प्राधान्य मिळते. वयाची अट आणि लागणारी कागदपत्रे फोनवरच विचारून घ्या. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, फोटो आणि शिक्षणाचा दाखला असेल तर तो, एवढे जवळ असावे. बायकांना एसटीचे तिकीट मार्च २०२३पासून निम्मे आहे, त्यामुळे तालुक्याहून जिल्ह्याला जाण्याचा खर्च फारसा जड जात नाही.

या वर्गात धंद्याचे म्हणून काय शिकवतात, ते एका खेळावरून कळेल. पहिल्या दोन-तीन दिवसांत कागदी होड्यांचा डाव असतो. प्रशिक्षक खरेदीदार होतो. कोऱ्या कागदाचा भाव सांगतो, तयार होडीचा भाव सांगतो आणि मिनिटे ठरवून देतो. प्रत्येकाने आधी कबूल करायचे, की या वेळात मी इतक्या होड्या करीन, आणि तेवढे कागद विकत घ्यायचे. वेळ संपली की खरेदीदार एकेक होडी हातात घेऊन बघतो. टोक वाकडे असेल, घडी सैल असेल, तर बाजूला टाकतो. पंधरा होड्या कबूल करून पंधरा कागद घेतलेल्याच्या आठच पास झाल्या, तर त्याचा तोटा फळ्यावर सगळ्यांसमोर निघतो. जमलेली मंडळी हसतात. पण ज्याचा माल बाजार समितीत प्रतवारीत मागे काढला गेला आहे, तो गप्प होतो. अंदाज किती बांधायचा, कच्चा माल किती उचलायचा, नाकारलेल्या मालाचा खर्च कोणाच्या अंगावर येतो, हे पुस्तकातून शिकायला आठवडा गेला असता. इथे ते अर्ध्या तासात कळते. माझ्या मते आरसेटीच्या वर्गातला सगळ्यात कामाचा भाग हाच. शेळ्यांना कोणती लस केव्हा द्यायची, ते पशुवैद्यकीय दवाखान्यातही सांगतात.

दुसरी गोष्ट, प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे पाठपुरावा करणे हे आरसेटीचे काम आहे. धंदा सुरू झाला का, बँकेत कर्जाचे प्रकरण कुठे अडकले, हे त्यांनी विचारायचे असते. बहुतेक प्रशिक्षणार्थी हा हक्क मागतच नाहीत. निघताना तिथल्या प्रशिक्षकाचे नाव आणि कार्यालयाचा नंबर लिहून घ्या. कर्जाचा अर्ज बँकेत दिला, की त्यांना कळवा. संस्था बँकेचीच असल्यामुळे त्यांच्या एका फोनला जे वजन असते, ते आपल्या दहा खेपांना नसते.

घरी लहान मूल असेल, सासूचे आजारपण असेल, तर निवासी वर्ग जमत नाही. अशा वेळी तुमच्याच गावात पंचवीस-तीस जणींचा गट जमवून ‘बाहेरचा वर्ग’ मिळेल का ते विचारा. गट आधीच तयार असला, की संस्थेलाही सोपे जाते.

शहरातल्या विक्रेत्यासाठी: कर्ज हेच प्रशिक्षण

पथारीवाले, हातगाडीवाले, फेरीवाले यांना दहा दिवस कुठे जाणे परवडत नाही. त्यांच्यासाठी पीएम स्वनिधी योजना आहे, जून २०२०मध्ये सुरू झालेली. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्र सरकारने तिची फेररचना केली आणि कर्जवाटपाची मुदत मार्च २०३०पर्यंत वाढवली. आता पहिले कर्ज १५,००० रुपये, ते फेडल्यावर २५,००० आणि तेही फेडल्यावर ५०,०००. तारण लागत नाही. वेळेवर हप्ते भरले, तर व्याजात ७ टक्के सवलत मिळते आणि ती थेट खात्यावर जमा होते. दुसरे कर्ज फेडणाऱ्याला यूपीआयला जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड मिळण्याचीही सोय आता आहे. योजनेत पैशांचे व्यवहार, डिजिटल देवघेव आणि विक्री यांचे प्रशिक्षणही धरलेले आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मदतीने स्वच्छतेचे वर्ग असतात. ते काही तासांत उरकतात, म्हणजे संध्याकाळची गाडी बुडत नाही.

या कर्जाची किंमत समजायची तर आधी मंडईतल्या रोजच्या भांडवलाची किंमत समजली पाहिजे. पहाटे सावकाराकडून ९०० घ्यायचे आणि संध्याकाळी १,००० परत करायचे, ही रीत अनेक बाजारांत आहे. त्या ९०० रुपयांचे काय होते ते पाहा. घाऊक बाजारात मेथीच्या १०० जुड्या ८ रुपयांनी घेतल्या, ८०० झाले. हमाली आणि टेम्पोचे १००. दुपारपर्यंत ७० जुड्या १५ रुपयांनी गेल्या, त्याचे १,०५०. संध्याकाळी मलूल झालेल्या २० जुड्या पाचाच्या भावाने काढल्या, त्याचे १००. दहा टाकून दिल्या. गल्ल्यात १,१५० आले. आठाची जुडी पंधराला, म्हणजे जुडीमागे सात रुपये सुटतात असे वाटत होते. प्रत्यक्षात सुटले जुडीमागे अडीच, एकूण २५०. त्यातले १०० सावकाराचे. हाती राहिले दीडशे.

वर्षातले ३०० दिवस हे चालले, तर ३०,००० रुपये व्याजात जातात. याउलट १५,००० रुपयांचे कर्ज वर्षभराच्या हप्त्यांनी, समजा १२ टक्के दराने घेतले, तर वर्षाचे व्याज हजाराच्या आत राहते आणि सवलतीतून त्यातले पावणेसहाशेच्या आसपास परत येतात. हा फरक ज्याने एकदा वहीत मांडला, त्याला वेगळ्या आर्थिक साक्षरतेची गरज फारशी उरत नाही.

अडचण येते ती ओळखीची. पालिकेच्या सर्वेक्षणात नाव असेल, विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असेल, तर काम सोपे. नसेल, तर पालिकेचे किंवा नगर पथविक्रेता समितीचे शिफारसपत्र मागायचे. ही समिती २०१४च्या पथविक्रेता कायद्याने नेमलेली असते आणि तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी ४० टक्क्यांहून कमी असता कामा नयेत. तुमच्या बाजारातला सदस्य कोण, हे माहीत असणे उपयोगी. आधारला मोबाइल जोडलेला नसेल, तर तो आधी जोडून घ्या. आधार केंद्रात त्याची फी ७५ रुपये आहे. शिफारसपत्राला किंवा अर्जाला योजनेत कसलीही फी नाही. ‘साहेबांना चहापाणी’ म्हणून कोणी मागितले, तर ते चहापाणीच आहे, योजनेचा खर्च नव्हे.

हार करणारे, टोपल्या-झाडू विणणारे, कुंभार असे जे स्वतः वस्तू बनवून बाजारात विकतात, त्यांनी पीएम विश्वकर्मा योजना आधी पाहावी. १७ सप्टेंबर २०२३पासून सुरू असलेल्या या योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, आणि त्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये विद्यावेतन मिळते. वर सांगितलेल्या मोडलेल्या दिवसाची भरपाई देणाऱ्या मोजक्या योजनांपैकी ही एक. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखापर्यंतचे कर्ज वेगळे. मात्र एका कुटुंबातल्या एकालाच लाभ, आणि स्वनिधीचे किंवा मुद्रा योजनेचे कर्ज अंगावर असेल तर ते पूर्ण फेडलेले हवे. कोणत्या दारात आधी जायचे, हे त्यामुळे घरात बसून ठरवावे.

माल पिकवून विकण्यापर्यंत

शेतकऱ्याला पीक काढायला शिकवणारे पुष्कळ, विकायला शिकवणारे थोडे. कृषी विज्ञान केंद्रे राज्यात पन्नासच्या आसपास आहेत. तिथले एक-दोन दिवसांचे वर्ग शेतकऱ्यांना सहसा मोफत असतात आणि तिथला विषयतज्ज्ञ चांगला असेल तर एका भेटीत खूप पदरात पडते. पण ती तंत्राची शाळा आहे. कृषी विभागाच्या ‘आत्मा’ यंत्रणेच्या शेतीशाळाही मोफत आणि त्या बांधावरच भरतात, त्यामुळे दिवस मोडत नाही, फार तर सकाळ जाते. शेतीचा साधा प्रश्न असेल, तर कुठेही न जाता किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या नंबरवर मराठीत विचारता येते. कॉलला पैसे पडत नाहीत.

प्रक्रिया करून विकायचे असेल, म्हणजे मसाले, डाळ, बेदाणे, आमरस, पापड, गूळ असे काही, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना आहे. ती पीएमएफएमई या नावाने ओळखली जाते, २०२०मध्ये आली आणि राज्यात कृषी विभागामार्फत चालते. मुदत २०२५-२६पर्यंत दिलेली असल्याने त्यानंतरच्या अर्जाची स्थिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारूनच कामाला लागा. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान. स्वतःचे किमान १० टक्के. हिशेब असा: ६ लाखांचे मसाला युनिट असेल, तर स्वतःचे ६०,००० हातात हवेत, अनुदान २ लाख १० हजार, उरलेले कर्ज. जाहिरातीत अनुदानाचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. आधी ६०,००० उभे करावे लागतात हे खाली कुठेतरी. अनुदानही हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षे राहते आणि कर्ज नियमित असेल तरच वळते होते. म्हणजे पहिली तीन वर्षे हप्ता भरण्याइतका धंदा झाला पाहिजे.

या योजनेतली खरी मोफत सेवा फार थोड्यांना माहीत आहे. प्रत्येक जिल्ह्यात ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल तयार करणे, ऑनलाइन अर्ज भरणे, बँकेत पाठपुरावा, ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची नोंदणी आणि अन्नसुरक्षा नोंदणी हे सगळे त्यांनी करून द्यायचे. त्याचा मोबदला त्यांना सरकार देते, प्रकरण मंजूर झाल्यावर. अर्जदाराने द्यायचे काही नाही. बाहेर याच प्रकल्प अहवालासाठी लोक पाच-दहा हजार रुपये मोजतात, आणि तो अहवाल कित्येकदा दुसऱ्या कोणाच्या अहवालात नाव बदलून केलेला असतो. त्यातली वीज बिलाची रक्कम किंवा कामगारांची संख्या बँक अधिकाऱ्याने विचारली, की अर्जदार आ वासतो. संसाधन व्यक्तीकडून करून घेतलात, तरी शेजारी बसा. तुमच्या गावातला मजुरीचा दर, तुमच्या मिरचीचा भाव, तुमचे गिऱ्हाईक हे आकडे तुम्हीच सांगा.

बचत गटातल्या बायकांसाठी ‘उमेद’ आणि १९७५पासून काम करणारे महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, ही दोन दारे गावातच उघडतात. कृषी सखी, पशू सखी, बँक सखी या शिकवणाऱ्या बायका गावातल्याच असतात, त्यामुळे शिकायला बाहेर जावे लागत नाही. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात जाण्याची संधी मिळाली, तर जरूर जा. पण माल, पॅकिंग आणि तिकडे जितके दिवस जातील त्यांचा हिशेब वरच्याच पद्धतीने मांडा. गर्दी बघून दुप्पट माल नेलेल्या गटांना परतीच्या टेम्पोचे भाडे चांगलेच बोचते.

थेट ग्राहकाला विकायचे असेल, तर पणन मंडळाच्या मार्गदर्शनाखाली २०१६पासून चालणारे शेतकरी आठवडे बाजार हा चांगला धडा आहे. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत हे बाजार भरतात. तिथे शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनीमार्फत जावे लागते. मंडपाचे, जागेचे पैसे तो गट किती घेतो आणि वाहतूक कशी वाटली जाते, हे आधी विचारून घ्या. एका शनिवारी कोणाच्या तरी गाळ्यावर मदतनीस म्हणून उभे राहिलात, तर वांगी प्रतवारी करून ठेवल्याने काय फरक पडतो ते तिथल्या तिथे दिसते. याला प्रमाणपत्र मिळत नाही.

कुठे पैसे लागत नाहीत, कुठे लागतात

सगळ्यात जास्त लूट होते ती कागदांत. उद्यम नोंदणी जुलै २०२०पासून सुरू आहे आणि पूर्णपणे मोफत आहे. कागद जोडावे लागत नाहीत, आधार आणि पॅन पुरते. पण मोबाइलवर शोधले की सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळे वर येतात आणि हजार-दोन हजार रुपये मागतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर बाहेर पडा. आधारवरून निघणारे ई-पॅन मोफत, ई-श्रम कार्ड मोफत. आपली पत कशी आहे याचा अहवाल प्रत्येक पतमापन कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. कर्जाआधी तो पाहून घ्यावा, कारण ज्याला आपण जामीन राहिलो त्या मित्राचे थकलेले कर्ज तिथेच सापडते.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो आणि तो चालतो, तलाठ्याच्या सहीसाठी खेप नको. लहान खाद्यविक्रेत्याची अन्नसुरक्षा नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये राहिली आहे. पथविक्रेत्यांना तीही माफ करण्याचा निर्णय झाला आहे, म्हणून भरण्याआधी विचारा. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, २००४पासून ते माफ आहे. तरीही ‘पाचशेचा बाँड आणा’ असे सांगितले जाते. कोणत्या नियमाने, असे लेखी विचारले की साध्या कागदावर काम होते. शेतीच्या किसान क्रेडिट कार्डाला २ लाखांपर्यंत तारण लागत नाही, जानेवारी २०२५पासून ही मर्यादा आहे.

जिथे खर्च लागतो तिथे मात्र हात आखडू नये. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी आणि वजने दर दोन वर्षांनी वैधमापन विभागाकडून तपासून घ्यावी लागतात. हा खर्च कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत आणि पहिला दंड इथेच बसतो. क्यूआर कोडवर पैसे घ्यायला शुल्क नाही, पण बोलणाऱ्या डब्याचे, म्हणजे साउंडबॉक्सचे, महिन्याचे भाडे खात्यातून परस्पर कापले जाते. दिवसाला चार-पाचच गिऱ्हाइके स्कॅन करत असतील, तर नुसता छापील कोड पुरे.

पैसे भरून शिकण्यातही गैर काही नाही. तळेगाव दाभाडे इथले हरितगृहाचे पाच दिवसांचे प्रशिक्षण पैसे भरून घ्यावे लागते. ज्याला दहा-वीस लाख पॉलिहाऊसमध्ये घालायचे आहेत, त्याने ती फी वाचवणे म्हणजे वेडेपणा. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली आणि पुढे बायकांसाठी धंद्याची शाळा काढली. ही शाळा बसमधून गावाच्या बाजारापर्यंत जाते. आठवडी बाजारात बसणारीला शाळाच दारात येणे परवडते, मग तिची थोडी फी असली तरी चालेल. मोफत पण साठ किलोमीटरवर, आणि शंभर-दोनशे रुपये घेऊन गावात, यात मी दुसरे निवडीन.

नाव देण्याआधी एक फोन

फोन केलात की सरळ विचारा: किती दिवस, किती ते किती वाजेपर्यंत, जेवण आहे का, प्रवासखर्च मिळतो का, शिकवणारा स्वतः त्या धंद्यात आहे का, मागच्या तुकडीतल्या किती जणांनी धंदा सुरू केला आणि त्यांतल्या एकाशी बोलता येईल का. शेवटच्या प्रश्नाला जी संस्था लगेच गावाचे नाव सांगते, तिथे जावे. नोंदणी शुल्क, अनामत, किट, गणवेश यांतले काही भरायचे असेल, तर पावती मिळेल का ते विचारा. ‘प्रशिक्षण घेतलेत की कर्ज नक्की’ असे जो सांगतो, त्याच्यापासून लांब राहा. कर्ज बँक मंजूर करते, प्रशिक्षण संस्था नाही.

बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या तरुणांसाठी मोफत उद्योजकता वर्ग घेतात आणि त्यातले बरेच वर्ग १९८८मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रामार्फत चालतात. केंद्राचे सगळेच वर्ग मोफत नसतात, तेही फोनवरच ठरवा. प्रमाणपत्र मिळाले, की त्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात २ लाखांच्या वरच्या प्रकल्पांना उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचे आहे. आरसेटीसारख्या मान्य संस्थेत ते पुरेशा दिवसांचे आधी झालेले असेल, तर पुन्हा करावे लागत नाही.

मोफत म्हणून जाहीर केलेल्या वर्गासाठी कोणी पैसे घेतले, तर जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या. तिथे महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो. बँकेने अर्ज घेऊन उत्तरच दिले नाही, तर आधी बँकेकडेच तक्रार करून पोच घ्या. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तक्रारीसोबत बँकेतल्या पोचेची प्रत जोडायला विसरू नका. ती नसेल तर तक्रार परत येते.